विहिरीकडचा ओला कोपरा

२ मार्च १९७३

ही डायरी यांनी पार्सल ऑफिसातून आणून दिली तेव्हा म्हणाले, "धोब्याचे कपडे लिहीत जा." आमच्याकडे धोबी येत नाही. म्हणून मी यात भीती लिहिणार आहे. ती मात्र रोज येते.

मला पाचवा लागला. गेल्या वेळचं सातव्यात गेलं. विहिरीच्या ओट्यावरून घागर घेऊन उतरत होते, खालच्या दगडी पायरीवर पाय सटकला. पुढे घरातच सगळं झालं, दाईच्या हातून. मला ताप चढला, शुद्ध गेली, इस्पितळात नेलं. परत आले तेव्हा घर सारवून, आवरून स्वच्छ होतं. मुलगा होता की मुलगी, ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. हे एवढंच म्हणाले, "नेलं." कुठे, ते विचारायचा धीर झाला नाही. दोन वर्षं होत आली, अजून झालेला नाही.

आमचं अंगण विटांचं आहे. सासरे मिलमधून सुटून आल्यावर स्वतःच्या हातांनी एकेक वीट बसवायचे, असं हे सांगतात. आता त्या विटा कुठे खचल्यात, कुठे फुगून वर आल्यात. मला पाऊल टाकताना आधी विटेला विचारावं लागतं. ती पायरी तर उघड उघड डुलते. मी यांना स्पष्ट सांगितलं, १४ एप्रिलच्या जयंतीच्या आधी अंगण नवीन करा आणि ओट्याचे दगड पक्के करा, नाहीतर मी कामठीला माहेरी जाते. हे म्हणाले, "बघू." यांचं बघू म्हणजे कोर्टाची तारीख.

९ मार्च

आत्याबाई अंगण उकरायला नको म्हणतात.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. एरवी मला घागर उचलू देत नाहीत, ठेच्याचं भांडं माझ्यापासून लपवून ठेवतात. भिवापूरकडच्या आहेत, मिरची त्यांची आणि पथ्य माझं. पण अंगणाचं नाव काढलं की तोंड एवढंसं होतं.

"काहून उकरता? तुह्या मामंजीच्या हातचं हाये ते," म्हणाल्या.

"मी पडले तर?"

"तू जाऊच नको ना वं तिकडे. पानी म्या आनतो ना."

मी म्हटलं, मूल झाल्यावर ते रांगत तिकडे गेलं तर त्यालाही असंच सांगणार का? त्या उठून आत गेल्या. हे पेपर वाचत होते. एक पान उलटायला त्यांना फार वेळ लागला.

१४ मार्च

शेजारच्या कांताबाईंनी आज भिंतीवरून हाक मारली. त्यांना दुसऱ्याच्या घरातलं आपल्या घरापेक्षा स्पष्ट दिसतं.

"पुष्पलता, तुही सासू त्या कोपऱ्यात रोज काय करते वं?"

कोपरा म्हणजे विहिरीच्या ओट्याची भिंत आणि अंगण जिथे मिळतं तो, पायरीला लागूनच. कांताबाई म्हणतात, मी दुपारी पडलेली असते तेव्हा आत्याबाई तिथे बसतात, गडवाभर पाणी ओततात आणि ओठ हलवतात. "मंत्रच असंन. सांभाळून राहा बाप्पा. पोटुशी बाई अन् ओली पायरी."

मी त्यांना चांगलं सुनावलं. आम्ही बौद्ध आहोत, मंत्र, करणी, भूत हे सगळं आम्ही सोडलं, म्हटलं. छप्पन साली मी वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेची ती गर्दी पाहिली आहे. आत्याबाईंनी तर सगळ्या प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडानं म्हटल्या. कांताबाई म्हणाल्या, "तोंडानं म्हटल्या ना." आणि वाळवण उचलून गेल्या.

१५ मार्च

झोपेचं सोंग घेतलं. खिडकीच्या फटीतून पाहिलं.

खरं आहे.

यंदा पाऊस झाला नाही. विहिरीचा दोर आम्ही दोनदा जोडून लांब केला, भांडी राखेनं घासून कोरडीच पुसतो. आणि ही बाई गडवाभर पाणी विटांवर ओतते. एकदम नाही, थोडं थोडं, तळहात आडवा धरून. ओठ हलत होते. शेवटी विटांवरून हात फिरवला आणि उठताना ओट्याला धरून उठली. त्या कोपऱ्यावर तिचा पाय पडत नाही, वळसा घालून येते. हे मला इतक्या दिवसांत दिसलं कसं नाही?

मी करणी मानत नाही. तरी हात गार पडले होते, ते इथे लिहून ठेवते.

२१ मार्च

शेवटी हे बधले. रुपराव मिस्त्री आला. याला कामापेक्षा बोलायला जास्त लागतं. आल्या आल्या सांगितलं की अर्धं नागपूर त्याच्या हाताखालून गेलं आहे. मग विडी पेटवली.

त्याचं म्हणणं, विटा चांगल्या आहेत, दोष खालच्या काळ्या मातीचा. ती उन्हात तडकते, पाणी प्याली की फुगते. ती हातभर खोल काढून मुरूम भरायचा, धुम्मसनं ठोकायचा, वर रेती आणि मग त्याच विटा उभ्या बसवून चुना भरायचा. फाटकाकडून सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या विटा निघाल्या तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडात होतं.

त्यांनी मिस्त्रीला विचारलं, "सारंच उकरता का गा?"

"सारंच, माय. थोडं ठेवलं तर बाकीचं बिघडते."

त्या दिवसभर जेवल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या. कसला उपास?

२३ मार्च

मिस्त्रीनं आज ओट्याची पायरी पाहिली. पहार घालून हलवली आणि मला हाक मारली.

"बाई, बाकी अंगनात धूळ उडून राह्यली अन् इथं माती वली आहे. पायरीखालचं फुगलं, म्हून पायरी तिरपी झाली. इथं पानी टाकते का कोनी?"

तो पुढे म्हणाला, "अन् ह्या कोपऱ्यातल्या विटा पाहा. साऱ्या विटायचा भट्टीचा छाप खालती आहे, ह्या चार-सहा विटायचा वरती. कोनं तरी एकडाव काढून परत बसवल्या."

आत्याबाई पाणी घालतात, पायरी तिरपी होते, मी उतरते, मी पडते. याला मंत्र लागत नाही. आणि विटा उचलून खाली काही पुरलं असेल तर तेही कुणासाठी असेल? या घरात दुसरं कोण पोटुशी आहे?

मला फार भीती वाटते आहे. पोटातलं हललं की वाटतं, त्यालाही कळलं.

२४ मार्च

आत्याबाईंनी शेवयांची खीर केली. "खाय वं, तुले आवडते." मी खोलीत नेली आणि खिडकीतून कावळ्यांना घातली. कावळे मजेत आहेत. मी उपाशी.

२९ मार्च

यांना सांगितलं. सगळं सांगितलं, पाणी, विटा, ओठ. म्हटलं, "तुमच्या आईला हे मूल नको आहे. त्या मला पाडायला बघताहेत."

मला वाटलं ओरडतील, नाहीतर हसतील. यांनी दोन्ही केलं नाही. चेहरा पांढरा पडला. "आईबद्दल असं बोलू नको, पुष्पा," एवढंच म्हणाले. मग अंगणात गेले आणि त्या कोपऱ्याजवळ पाठ करून उभे राहिले. पायरी बघत असतील असं वाटलं. पण पायरीला हातही लावला नाही.

मी म्हटलं, मला कामठीला पोचवा. म्हणाले, "थोडं थांब. मी आईशी बोलतो." माय-लेक स्वयंपाकघरात किती तरी वेळ बसले होते. मला एकच वाक्य ऐकू आलं, आत्याबाईंचं: "आता नको, आता तर मुळीच नको. दिवस भरू दे." काय भरू दे? माझे दिवस?

म्हणजे हेही त्यांच्यात आहेत. आता या घरात माझं कोणी नाही.

१ एप्रिल, रविवार

आज लिहवत नाही.

३ एप्रिल

आज लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

रविवारी आत्याबाई जयंतीच्या तयारीला विहारात गेल्या, हे ड्यूटीवर. मिस्त्रीचं अंगण निम्म्यावर आलं होतं. मी त्याला म्हटलं, आज तो कोपरा आधी काढ. तो म्हणाला, रांगेनं जाऊ. मी म्हटलं, नाही, आज, आत्ता. जे पुरलं असेल ते बाहेर काढायचं, यांच्यासमोर ठेवायचं आणि माहेरी जायचं, असं मी ठरवून बसले होते. बाहुली निघेल, लिंबू निघेल, काय निघेल ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं. आणि म्हणे मी काही मानत नाही.

मिस्त्रीनं पायरीकडच्या दोन विटा उचलल्या. तेवढ्यात फाटक वाजलं.

आत्याबाई गुडघ्यांमुळे ओट्याला धरल्याशिवाय खाली बसत नाहीत. रविवारी त्या फाटकापासून पळत आल्या. पांढरं लुगडं तसंच मातीत, त्या विटांवर येऊन बसल्या आणि दोन्ही हात पसरून विटा झाकल्या. मिस्त्रीची पहार हवेत होती. त्यानं ती हळूच बाजूला ठेवली.

मी ओरडले नाही. ओरडायचं ठरवलं होतं, पण आवाज बारीक निघाला. "काय पुरलंय इथं? कोणासाठी पुरलंय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता खोटं शोधताहेत.

मग म्हणाल्या, "तुहं लेकरू हाये वं इथं."

मला आधी कळलंच नाही. मी पोटावर हात ठेवला. माझं लेकरू तर इथं आहे, म्हणणार होते. आणि मग कळलं.

मिस्त्री उठून फाटकाबाहेर गेला. त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच न बोलता गेला असेल. मी आत्याबाईंसमोर मातीत बसले.

"लोकं म्हने, घाटावर न्या, तिकडे रानात पुरतेत," आत्याबाई म्हणाल्या. "एवढंसं लेकरू. मायचं दूध प्यालं नाही, कोनाचा चेहरा पाह्यला नाही. तिले एकटीले कुठं टाकून येऊ? म्या आनंदाले, तुह्या नवऱ्याले म्हटलं, इथंच ठेव, घरात. त्यानंच खोदलं. त्यानंच विटा बसवल्या, रडून रडून त्याले उलटं-सुलटं दिसेना."

तिले. मी विचारलं, "मुलगी होती?"

"पोरगी होती. केस लय होते. तुह्यासारखे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू तापात होती. मंग घरी आली तर भिंतीकडे तोंड करून पडून राहे. मंग एक दिवस तू हासली, कांताबाईच्या कायच्या तरी बोलन्यावर. म्या म्हटलं, आता हासली, आता कसं सांगू? अन् आता पुन्हा दिवस गेले. पोटुशीले कोनी असं सांगते का?"

मी पाण्याचं विचारलं. ते सगळ्यात जास्त भीतीचं होतं, म्हणून शेवटी विचारलं. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की हिला एवढंही कसं कळत नाही.

"उन्हाळा हाये, पुष्पे. तिले तहान लागत असंन."

आणि ओठ का हलत होते, ते मी विचारलं नाही. तान्ह्या लेकराजवळ बसून बाई काय पुटपुटते, ते काय विचारायचं असतं का.

४ एप्रिल

मला सगळं कळलं, हे काल यांना सांगितलं. जेवताना घास हातातच राहिला. म्हणाले, "मी रोज तिथून वळसा घालून जातो. तुला दिसलं नाही?" मला आत्याबाईंचा वळसा दिसला होता, तेव्हा यांचा पाहायचं सुचलंच नाही.

मी आत्याबाईंची माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. वाक्य जुळवून नेलं होतं. त्यांनी मान वर न करता ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "भाकर खाय. अन् कावळ्यायले देऊ नको." म्हणजे खिरीचंही माहीत होतं. मी बसून सगळी भाकर खाल्ली.

६ एप्रिल

मिस्त्री परवा परत आला. दोन दिवस काही विचारत नव्हता, आज राहवलं नाही. कोपरा ठेवायचा हे त्याला कळलं आहे, पण धंदा धंद्याच्या जागी.

"काळी माती राह्यली तर पावसात फुगंन, बाई. बाजूचं नवं अंगनबी उचलंन. मंग रुपरावच्या नावानं बोंबलू नका."

मी म्हटलं, नाही बोंबलणार.

"अन् पायरीचं काय? जुन्या जागी बसवली तर पुन्हा तिरपी होईन. इथं पानी मुरून राह्यलं ना रोज."

आत्याबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांनी हे ऐकलं. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"म्हंजे पायरी म्या हालवली का गा?"

मिस्त्री गडबडला. "तसं नाही, माय. मातीच तशी हाये."

पण त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. उठल्या, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि आत गेल्या. दुपारी मी खिडकीतून पाहिलं. आज त्या कोपऱ्याकडे आल्याच नाहीत. मला इतके दिवस त्या येतात म्हणून भीती वाटत होती. आज न आल्या म्हणून वाटली.

१२ एप्रिल

काम झालं. मी सांगितलं तसंच झालं, हे इथे थोड्या तोऱ्यानं लिहिते.

पायऱ्या उचलून ओट्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या बाजूला बसवल्या. खाली मुरूम, दगडांच्या सांध्यात चुना. मी उभी राहून पाहिलं, दगड हलत नाही. ओट्याच्या भिंतीतले निखळलेले दगडही बसवले. जुन्या पायरीची जागा भरून टाकली, म्हणजे त्या कोपऱ्याकडे जायचं कुणाला कारणच उरलं नाही. मिस्त्री म्हणाला, एक फरशी पडून आहे, ती कोपऱ्यावर टाकू का, साफ दिसेल.

"दगड नको," मी म्हटलं. "तिला जड होईल."

माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला माहीत नाही. मिस्त्रीनं मान हलवली. त्या दोन विटांतली एक त्यानं परत होती तशी बसवली, छाप वर, चुना न भरता. दुसरी यांनी त्याच्या हातून घेऊन स्वतःच ठेवली. बाकी अंगण लाल आणि सरळ. तेवढा तुकडा जुना.

परवा जयंती. घरावर निळे झेंडे लागले. आत्याबाई सगळ्या कामात आहेत, पण बोलत कमी आहेत. पाणी अजून घालत नाहीत. मी म्हटलं, आता पायरी तिकडे गेली, आता काय होतं? "नको वं. पानी पाह्यलं की मले भ्या वाटते," म्हणाल्या. एका घरात दोन घाबरट बायका झाल्या.

१७ मे, बुद्ध पौर्णिमा

सातवा लागून आठवडा झाला. करणीची भीती गेली. जी खरी होती ती राहिली आहे, आणि ती अंगण सरळ केल्यानं जात नाही, हे मला आता कळतं. पहाटे पोटातलं हलेपर्यंत मी श्वास धरून पडते. हलतं, मग उठते.

ऊन भयंकर आहे. विहिरीत दोर सोडला की कळशी दगडावर वाजते, मग हळूहळू भरते. आत्याबाई आणि हे सकाळीच विहारात गेले. मला उन्हात नेलं नाही. दुपारी कांताबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं, अंगण चांगलं झालं म्हणाल्या, आणि विचारलं की सासूचं ते कोपऱ्यातलं बंद झालं का. मी म्हटलं, "हो, आता माझ्याकडे आलं." त्यांचं डोकं एकदम खाली गेलं.

म्हणून म्हटलं, आता खोटं ठरायला नको.

गडवा भरून घेतला. नव्या पायऱ्यांवरून भिंत धरून उतरले, मिस्त्रीला मनातल्या मनात शाबासकी दिली. वळसा घालून गेले. खाली बसणं आता सोपं नाही, पण बसले. विटा तापलेल्या होत्या. थोडं थोडं ओतलं, तळहात आडवा धरून. सांध्यांत चुना नाही, पाणी लगेच आत गेलं. मला पुटपुटायला काही येईना. तिचं नाव ठेवलेलं नाही. मग मी तिला सांगितलं की मी तुझी आई, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खूप रडले. लिहायला लाज वाटत नाही.

आत्याबाई परत आल्या तेव्हा मी ओट्यावर टेकून बसले होते. त्यांनी ओला कोपरा पाहिला, मग माझ्या हातातला गडवा पाहिला. त्यांची नजर नव्या पायरीवर गेली, मग माझ्या पायांवर. मी धड आहे हे बघून त्या शेजारी बसल्या.

"सारा गडवा घातला?"

"अर्धा."

"अन् बाकीचा?"

"मला तहान लागली होती. मी प्यायले."

त्यांनी माझ्या हातातून गडवा घेतला, उलटा करून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या म्या घालीन. तू इथंच बसून राह्य."